सुट्टी नेमकी कशापासून?

समाजमाध्यमांपासून काही काळ दूर राहावे का, आणि राहायचे तर कसे, हे विचारणारी बरीच पत्रे गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आली आहेत. उन्हाळा तोंडावर आला की नागपुरातून अशी पत्रे अधिक येतात, असा माझा अनुभव आहे. दुपारी अकरानंतर घराबाहेर पडण्याची सोय उरत नाही आणि कूलरसमोर बसून करायचे काय, तर फोन. त्यांतील पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. नावे अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी चौतीस वर्षांची असून एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. दिवसभरात फोनकडे फारसे पाहणे होत नाही. मात्र रात्री सव्वादहाच्या सुमारास मुलगी झोपली आणि ओटा आवरून झाला की “पाच मिनिटे बघू” म्हणून इन्स्टाग्राम उघडते, आणि साडेबारा कधी वाजले ते कळत नाही. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी पुणे-बंगळूरुला आहेत. कोणी घर घेतले, कोणी परदेशी फिरून आले. हेवा करण्याचा माझा स्वभाव नाही, पण फोन खाली ठेवताना मन खट्टू झालेले असते आणि सकाळी मुलीवर उगाच चिडचिड होते. दिवाळीत वैतागून ॲप काढून टाकले, व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकणेही थांबवले. त्या चार दिवसांत बरे वाटण्याऐवजी चुकल्या-चुकल्यासारखेच झाले. शेजारच्या काकूंनी तर जिन्यात गाठून विचारले, “काहून गं, दिसूनच नाही राहिली आजकाल, बरी आहेस ना?” पाचव्या दिवशी ॲप परत घेतले. अशा सुट्टीचा खरोखर उपयोग होतो का? ती किती दिवसांची असावी? — एक शिक्षिका, त्रिमूर्तीनगर

उत्तर : चौथ्या दिवशी तुम्हाला जे वाटले, त्यात तुमच्या निर्धाराचा काही दोष नव्हता. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात फेसबुक नियमित वापरणाऱ्या १३८ जणांपैकी एका गटाला पाच दिवस फेसबुक बंद ठेवायला सांगितले होते. त्या गटातील लोकांच्या शरीरातील कॉर्टिसॉलची, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरकाची, पातळी खाली आली. पण त्याच लोकांनी आपण आयुष्याबाबत पूर्वीपेक्षा कमी समाधानी असल्याचेही सांगितले. शरीर निवांत होत होते आणि मन मात्र चुटपुटत होते. तुमचे चार दिवस याहून फार वेगळे गेलेले दिसत नाहीत. सुट्टीचा जो भाग सर्वांत जड जातो तेवढाच तुम्ही अनुभवलात आणि त्यावरून संपूर्ण सुट्टीबद्दल मत बनवलेत.

थोडा अधिक काळ घेतला तर चित्र बदलते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, हाही २०१८ मध्येच प्रसिद्ध झाला, एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला दहा मिनिटेच वापरण्याची मर्यादा घातली होती. तीन आठवड्यांनंतर या गटात एकटेपणाची भावना आणि नैराश्याची लक्षणे दुसऱ्या गटापेक्षा कमी झालेली आढळली. माझ्या दृष्टीने या प्रयोगातील अधिक बोलकी गोष्ट पुढेच आहे : ज्या गटाला कोणतीही मर्यादा नव्हती, फक्त आपला वापर किती होतो याची नोंद द्यायची होती, त्या गटातही अस्वस्थता आणि “आपले काही तरी हुकते आहे” ही रुखरुख कमी झाली. नुसते आपल्या वापराकडे पाहिल्यानेही एवढे घडू शकते, हे ध्यानात ठेवा; पुढे त्याचा उपयोग करायचा आहे. स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे २,७०० जणांना घेऊन केलेल्या प्रयोगात एका गटाला मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले, तेव्हा प्रत्येकाचा दिवसाचा सरासरी एक तास मोकळा झाला आणि मनःस्वास्थ्यात सुधारणा दिसली. ती सुधारणा थोडी होती, हेही सांगितले पाहिजे. काही प्रयोगांत तर माध्यम बंद ठेवूनही फरक आढळलेला नाही. म्हणून “महिनाभर फोन सोडा, आयुष्य पालटेल” असे सांगणाऱ्यांवर (ते बहुधा हे रीलमधूनच सांगत असतात) फार विश्वास ठेवू नये.

आता तुमच्याविषयी. तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो “सव्वादहा” हा शब्द. तुम्ही दिवसभर वर्ग घेता, घर पाहता आणि त्या वेळात फोन तुम्हाला ओढत नाही. म्हणजे तुमची अडचण चोवीस तासांची नसून त्या सव्वादोन तासांची आहे, आणि ते सव्वादोन तास बहुधा संपूर्ण दिवसातले एकमेव असे तास आहेत की ज्यांत तुम्हाला कोणी हाक मारत नाही. त्या वेळी थकलेल्या माणसाला मिळेल ते, कष्ट न पडता मिळणारे, हवे असते. आणि फोनवरची पाने तर संपतच नाहीत. वर्तमानपत्र शेवटच्या पानावर थांबते आणि मासिक मागच्या मुखपृष्ठावर, पण बोट सरकवत राहावे तसा नवा मजकूर खालून येत राहण्याची जी रचना २००६ च्या सुमारास घडवली गेली, तिच्यात थांबण्याची खूणच ठेवलेली नाही. ती घडवणारे एझा रास्किन यांनी पुढे स्वतःच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. त्यातच पुढची चित्रफीत आवडेल की नाही हे आधी कळत नाही. दहांतली एखादीच मनासारखी निघते, आणि मानसशास्त्रज्ञ सांगतात की असे अनिश्चित, अधूनमधून मिळणारे बक्षीस नेमाने मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा सवय अधिक घट्ट करते.

खट्टू होण्याचे कारण मात्र वेगळे आहे, आणि त्याला तुमचा स्वभाव जबाबदार नाही. आपण कसे आहोत हे ठरवायला माणसाजवळ मोजपट्टी नसते, म्हणून तो भोवतालच्या, आपल्यासारख्याच माणसांकडे पाहतो, हे लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच मांडून ठेवले आहे. “आपल्यासारख्याच” या शब्दावर लक्ष द्यावे. एखाद्या नटीचा बंगला पाहून तुमची झोप उडत नाही. एकाच बाकावर बसलेल्या मैत्रिणीची वास्तुशांत पाहून उडते. पूर्वी ही मैत्रीण वर्षातून एकदा एखाद्या लग्नात भेटायची आणि तिच्या घराबरोबर घराचा हप्ता, सासूचे गुडघे, मुलाचा दहावीचा निकाल हे सगळे एकाच बैठकीत कानावर पडायचे. आता वास्तुशांत तेवढी दिसते, तीही रात्री अकरा वाजता, तुम्ही खरकटा ओटा पुसून आलेल्या असताना.

तेव्हा लगेच ॲप काढू नका. आधी एक आठवडा फक्त नोंद ठेवा. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असेलच. दुधाचा खाडा ज्या चौकटीत लिहिता, तिथेच रात्री फोन कधी उचललात आणि कधी ठेवलात त्या दोन वेळा लिहा, आणि ठेवताना मन कसे होते ते एका शब्दात. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी अशा नोंदी केल्या, तेव्हा त्यांना कळले की ज्या दिवशी दुपारचा डबा ते एकटेच खात, त्या दिवशी रात्री फोन तासभर अधिक चाले. हे त्यांना कोणी सांगून पटले नसते.

त्यानंतर तीन आठवड्यांची सुट्टी घ्या. चार दिवस थोडे होतात, आणि वर्षभराचा संकल्प गुढीपाडव्याला सोडून रामनवमीला मोडतो. खाते कायमचे हटवण्याची गरज नाही. इन्स्टाग्रामवर खाते तात्पुरते बंद करता येते. “हटवा” असे सांगितले तर मात्र तीस दिवसांनंतर छायाचित्रांसकट सारे कायमचे जाते, त्यामुळे वैतागाच्या भरात ते बटण दाबू नये. तुमच्यासाठी फोनवरून ॲप काढणे पुरेसे आहे. फोनचा चार्जर झोपण्याच्या खोलीतून उचलून बैठकीत न्या. गजराला फोन लागतो ही सबब हमखास पुढे येते. सीताबर्डीला गजराचे साधे घड्याळ आजही मिळते. पहिले काही दिवस हात सवयीने जुन्या जागी जाईल. मी स्वतः हे केले, तेव्हा माझा अंगठा जिथे ते ॲप असायचे तिथे जाऊन दर वेळी कॅल्क्युलेटर उघडत असे, आणि क्षणभर मी त्या आकड्यांकडे काही तरी येण्याची वाट पाहत बसे. त्यात हसण्यासारखे आहे, पण सवय शरीरात कुठवर उतरली आहे तेही त्यातून कळते. तो भर आठ-दहा दिवसांत ओसरला.

सव्वादहाचा तास रिकामा मात्र ठेवू नका. दिवाळीत तुमचे तिथेच चुकले. त्या वेळी तुम्हाला एकांत हवा असतो की सोबत, हे तुमच्या नोंदींवरून कळेल. एकांत हवा असेल तर गच्चीवर दहा मिनिटे, एखादे पुस्तक किंवा सरळ झोप, आणि झोप हे उत्तर कमी प्रतीचे मानू नका, कारण सकाळच्या चिडचिडीचा निम्मा भाग तिच्या अभावाचा असण्याचा संभव आहे. सोबत हवी असेल, तर ज्या मैत्रिणीची वास्तुशांत पाहून जीव खट्टू झाला तिलाच आठवड्यातून एकदा फोन लावा. काकूंना खरे ते सांगा : “तीन आठवडे फोन कमी केला आहे, काही काम असले तर हाक मारा.” एवढ्यावर त्यांचे समाधान होईल आणि कदाचित त्या चहालाही येतील.

तीन आठवड्यांनंतर परत जावेसे वाटले तर जा, मात्र संगणकावरून आणि दिवसाउजेडी. ज्या दोन-चार खात्यांनी नोंदीत वारंवार “खट्टू” हा शब्द लिहायला लावला ती म्यूट करा. त्यांना ते कळत नाही, मैत्रीलाही धक्का लागत नाही.

प्रश्न : मी तेवीस वर्षांचा आहे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. तीन महिन्यांपूर्वी सगळी समाजमाध्यमे बंद केली. सगळे म्हणत होते की त्याने मन थाऱ्यावर येईल. काहीही फरक नाही. झोप पहाटे तीनला तुटते, जेवण जात नाही, अभ्यासिकेत पान उघडून तसाच बसतो. कधी कधी वाटते की सकाळी जागच आली नाही तर बरे. फोन सोडूनही असे का? — पत्ता दिलेला नाही

उत्तर : पत्ता असता तर तुम्हाला हे उत्तर अंक निघण्याची वाट न पाहता कळवले असते. तुम्ही जे लिहिले आहे ते फोनच्या सवयीचे दुखणे नाही. पहाटे तुटणारी झोप, अन्नावरची वासना जाणे, कशातच लक्ष न लागणे आणि “जागच आली नाही तर बरे” असे वाटणे, ही नैराश्याच्या आजाराची लक्षणे असू शकतात आणि त्यावर उपचार आहेत. समाजमाध्यमे बंद करून ते बरे झाले नाही यात तुमचे काही चुकलेले नाही. ताप आलेल्या माणसाने गोड खाणे सोडून ताप उतरत नाही, तसेच हे आहे.

हे वाचत असाल तर आजच १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही “टेलि-मानस” नावाची केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत मानसोपचार विभागाचा बाह्यरुग्ण कक्ष आहे, मिहानमधील एम्समध्येही आहे. तिथे केसपेपर काढून जाता येते, कोणाची चिठ्ठी आणावी लागत नाही. एकटे जाणे जड वाटत असेल तर खोलीतल्या मित्राला हे पत्र जसेच्या तसे दाखवा. नवे काही समजावून सांगावे लागणार नाही. न जगण्याचा विचार जोर करू लागला, तर बाह्यरुग्ण कक्षाच्या वेळेची वाट न पाहता त्याच क्षणी कोणाला तरी सोबत घेऊन मेडिकलच्या आकस्मिक विभागात जा.

जाता जाता एक सूचना, आणि ती इतर वाचकांसाठीही आहे : तीन महिने तुम्ही मित्रांशी बोलायची एक वाट बंद केलीत आणि दुसरी उघडली नाही, असे पत्रावरून वाटते. बरे वाटू लागेपर्यंत निदान दोन मित्रांशी व्हॉट्सॲपवर का होईना, रोज बोला. तुमच्या बाबतीत सुट्टी वाढवण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, यंदा नीट देणार. रात्री उशिरापर्यंत रील बघतो म्हणून त्याच्या वडिलांनी महिन्यापूर्वी फोन काढून कपाटात ठेवला. तेव्हापासून तो आमच्याशी बोलत नाही. शिकवणीच्या शंका मात्र फोनवरच्या ग्रुपवरच सोडवतात, असे तो म्हणतो. आमचे चुकले का? — एक आई, नंदनवन

उत्तर : हेतू चुकला नाही, रीत चुकली. दुसऱ्याने हिसकावून घेतलेली सुट्टी ही शिक्षा असते आणि शिक्षा संपण्याची माणूस वाट पाहतो. त्या काळात तो काही शिकत नाही. शिवाय शंकांबद्दल तो म्हणतो ते खरे असण्याची शक्यता मोठी आहे. फोन परत द्या आणि देताना त्याच्याशी बसून ठरवा की शिकवणीचा ग्रुप राहील, रील दाखवणारी ॲप परीक्षा होईपर्यंत निघतील आणि रात्री दहा वाजता फोन बैठकीतल्या चार्जरला लागेल. ॲप त्याने स्वतःच्या हाताने काढावीत. यात एक अट आहे आणि ती कित्येक घरांत पाळली जात नाही : दहा वाजता त्याच चार्जरपाशी त्याच्या वडिलांचाही फोन असला पाहिजे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा जो नियम केला, तो मुलांच्या अभ्यासासाठी होता, पण भोंगा वाजल्यावर टीव्ही मोठ्यांचाही बंद होत होता. मला तरी त्या नियमाचे बळ त्यातच दिसते.

ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या खात्यांवर कायद्याने बंदी आली आहे, तसे आपल्याकडे का नाही, असेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. तुमचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. तो कायदा इथे असता तरी त्याला लागू झाला नसता. तुमच्या घरचा तंटा तुम्हालाच मिटवायचा आहे.

प्रश्न : मी अडुसष्ट वर्षांचा निवृत्त कर्मचारी. सतरा व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. सुप्रभात, राजकारण, भांडणे यांनी डोके भणभणते. सोडले तर लोक रागावतात, आणि पुण्याच्या नातवाची छायाचित्रेही याच फोनवर येतात. सौ. म्हणते, “तुम्ही आता फोनातच राहायला जा.” — एक वाचक, महाल

उत्तर : वहिनींचे म्हणणे मला मान्य आहे. सतरापैकी कोणते ग्रुप बंद पडले तर तुम्हाला आठ दिवस कळणारही नाही, ते आधी पाहा, ते सोडा. २०२२ पासून ग्रुप सोडल्याची सूचना सर्वांना जात नाही, ती फक्त ॲडमिनला जाते. जे नात्यागोत्यामुळे सोडता येत नाहीत ते कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका, म्हणजे नवा संदेश आला तरी ते वर येणार नाहीत. तिकडे रविवारी एकदा डोकावले तरी पुरते. कोणी परस्पर नव्या ग्रुपात ओढू नये म्हणून सेटिंगमध्ये “ग्रुपमध्ये कोण जोडू शकेल” याचे उत्तर “माझे संपर्क” असे करून ठेवा. त्यातूनही कोणी उत्साही भाचा सुटला तर त्याला अपवादांच्या यादीत घाला. नातवाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्याशी आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करा, आणि त्या वेळी फोन वहिनींच्या हातात द्या.

प्रश्न : मी घरून सांडगे, कुरडया आणि तर्रीचा मसाला विकते. सगळ्या ऑर्डर इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरून येतात. मला सुट्टी घेता येईल का? — एक गृहउद्योजिका, इतवारी

उत्तर : पूर्ण सुट्टी हंगामात घेऊ नका, सांडगे-कुरडयांचे दिवस फेब्रुवारी ते मे एवढेच असतात. धंद्याचे खाते आणि स्वतःचे खाते वेगळे करा, जमल्यास धंद्याचे खाते जुन्या फोनवर ठेवा आणि तो फोन मसाल्याच्या डब्यांपाशीच राहू द्या. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ठरावीक वेळेबाहेर आपोआप उत्तर जाण्याची सोय आहे. “ऑर्डर सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळेत पाहिल्या जातील” असा मजकूर तिथे घालून ठेवा. कुरड्या वाळायला दोन-तीन दिवस लागतात हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते, तेव्हा उत्तराला दोन तास लागले म्हणून ते दुसरीकडे जाणार नाही.